हवेचा भार आणि विहिरीचें पाणी



वैशाख लागला म्हणजे काटोल, नरखेड आणि पलीकडे वरुड-मोर्शीकडच्या संत्र्यांच्या मुलखांत एक तक्रार हमखास ऐकूं येते. विहिरींत पाणी दिसत असतें. कांठावरची मोटर चालू असते, तिचा आवाजहि नेहमींचाच असतो, पाइप कोठें फुटलेला नसतो. पण पाटांत पाण्याचा थेंब पडत नाहीं. माघापर्यंत हाच पंप भडाभडा पाणी देत होता. शेतकरी म्हणतो, पंपाची ताकद कमी पडली. आणि तीन अश्वशक्तीचा पंप काढून, उसनवारी करून, पांच अश्वशक्तीचा बसवितो. तोहि तसाच कोरडा फिरत राहतो. इकडे आंबिया बहाराचीं लहान लहान फळें उन्हानें गळूं लागतात, आणि ज्या पैशांत कांहीं उपयोगाचें काम झालें असतें, ते पैसे नव्या मोटरींत अडकून पडतात.

ह्या पंपाला झालें तरी काय, हें मला आज सांगावयाचें आहे. त्यासाठीं विहिरीवर जाण्याची जरुरी नाहीं. शहरांतल्या आपल्या स्वयंपाकघरांत जें सामान असतें तेवढ्यावर काम भागतें : एक कांचेचा पेला, शरबत पिण्याच्या दोन नळ्या, मळलेल्या कणकेचा गोळा, एक पोस्टकार्ड आणि मेणबत्तीचे दोनचार तुकडे. मी कांहीं मोठा शास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिक होऊन जन्मभर शाळेंत मुलांना शिकविलें, आणि प्रयोगशाळा म्हणून जें कपाट वांट्याला आलें त्याची किल्ली बहुधा सांपडत नसे. त्यामुळें घरच्या भांड्यांवर भिस्त ठेवण्याची संवय लागली, ती अजून आहे.

पहिल्यानें शरबताची गोष्ट घेऊं. उन्हाळ्यांत घरोघर पन्हें होतेंच. पेलाभर पन्हें घ्या. दोन्ही नळ्यांचीं टोंकें एकदम ओठांत धरा. एकीचें दुसरें टोंक पन्ह्यांत बुडवा आणि दुसरी नळी पेल्याच्या बाहेर मोकळी लोंबूं द्या. आतां पन्हें ओढा. गाल दुखेपर्यंत ओढा. नळींत जेमतेम बोटभर चढेल, पण तोंडांत येणार नाहीं. मग धाकट्या भावंडाला बाहेरच्या नळीचें टोंक बोटानें दाबून धरावयास सांगा. तत्क्षणीं पन्हें तोंडांत येतें. ओढणें हें जर आपल्या तोंडाचें काम असतें, तर बाहेर लोंबणाऱ्या एका रिकाम्या नळीनें त्यांत विघ्न कां आणावें?

दुसरी परीक्षा अधिक कडक आहे. एक लहान कांचेची बाटली पाण्यानें अगदीं तोंडापर्यंत भरा. तींत नळी घाला, आणि नळीच्या भोंवतीं कणकेचा गोळा असा घट्ट बसवा कीं बाटलीच्या तोंडाशीं केसाएवढीहि फट राहूं नये. आतां त्या नळीनें पाणी पिऊन पाहा. एकादा घोट येईल न येईल, पुढें पाणी जागचें हालणार नाहीं. बाटली भरलेली आहे, नळी चांगली आहे, पिणाऱ्याची छातीहि धडधाकट आहे, तरी पाणी नाहीं! आगकाडीनें कणकेला एक भोंक पाडा, कीं हवा आंत शिरते आणि पाणी सुरळीत वर येऊं लागतें.

उलगडा असा. पेल्यांतल्या पन्ह्यावर बाहेरची हवा सारखी दाबत असते. नळीच्या आंतल्या पन्ह्यावरहि तीच हवा तितकीच दाबते, म्हणून आंतली आणि बाहेरची पातळी सारखी राहते. आपण छाती फुगवून तोंडांतली आणि नळींतली हवा विरळ केली, म्हणजे आंतला दाब उणा पडतो; बाहेरचा होता तेवढाच असतो, आणि तो पन्ह्याला नळींतून वर ढकलतो. आपलें काम वाट मोकळी करून देण्यापुरतें; चढविण्याचें काम हवेचें. दुसरी नळी उघडी असली कीं तिच्यांतून हवा तोंडांत येत राहते आणि आंतला दाब उणा होतच नाहीं. बाटलीला कणकेचें बूच बसलें कीं पाण्यावर दाबणारी बाहेरची हवाच तुटते. ओढणें हा शब्द आपण सोयीसाठीं वापरतों. हवेला ओढतां येत नाहीं. तिला फक्त ढकलतां येतें. एवढें एक वाक्य ज्याच्या मनांत पक्कें बसलें, त्याला आजच्या भाषणाचा बाकीचा भाग अर्धा अगोदरच समजला असें मी म्हणेन.

ही हवा ढकलते तरी किती जोरानें? हवेला वजन असतें हें सर्वांनीं वाचलेलें असतें, पण तें किती ह्याचा अंदाज फार थोड्यांना असतो. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशी साधी खोली घेतली, तर नागपूरच्या उन्हाळ्यांत तींतली हवा सुमारें चाळीस किलो भरते. एका माणसानें डोक्यावर घ्यावें एवढें तें ओझें झालें. आणि आपल्या डोक्यावर खोलीभर हवा नसून अनेक कोसांची हवा आहे. समुद्रकांठीं तिचा भार दर चौरस सेंटिमीटरला एक किलोहून थोडा अधिक पडतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारें ३१० मीटर उंच. तेवढा हवेचा थर आपल्या खालीं राहतो, आणि येथें तो भार जवळजवळ नेमका एक किलो येतो. हिशेब करावयास नागपुरासारखें सोयीचें गांव नाहीं! तळहात पसरला तर त्यावर शंभरावर किलो भार पडतो. तरी हात खालीं जात नाहीं, कारण तितकाच भार खालून वर पडत असतो. आणि आपलें शरीर चेपत नाहीं, कारण आंतून बाहेर तितकाच दाब असतो. माशाला पाण्याचें ओझें वाटत नाहीं तसेंच हें.

पोस्टकार्डाचा प्रयोग बहुतेकांनीं केलेला असेल. पेला पाण्यानें कांठोकांठ भरावा, त्यावर पोस्टकार्ड सपाट ठेवावें, हातानें दाबून धरून पेला उपडा करावा आणि मग कार्डावरचा हात काढून घ्यावा. पाणी पडत नाहीं. पोस्टकार्ड घरांत नसेल तर लग्नपत्रिकेचा जाड कागदहि चालतो. त्या तर उन्हाळ्यांत ढिगानें येतात. पेल्याच्या तोंडाचा व्यास सात सेंटिमीटर असला तर त्याचें क्षेत्रफळ सुमारें ३८ चौरस सेंटिमीटर होतें, म्हणजे कार्डाला खालून वर ३८ किलोंचा रेटा आहे. आंतल्या पाण्याचें वजन सारें पाव ते तीस शतांश किलो. हवेला ह्यांत कांहीं श्रम नाहींत.

पण चौकस मुलगा येथें शंका काढतो, आणि ती काढावीच : कागद ओला होऊन कांचेला चिकटला असेल, हवेचा काय संबंध? त्याला शब्दांनीं गप्प करूं नये. पत्र्याचा एक रिकामा डबा घ्यावा, त्याच्या बुडाला खिळ्यानें एक भोंक पाडावें. भोंकावर बोट ठेवून डबा भरावा, कार्ड लावावें आणि उपडा करावा. बोट जागेवर असेपर्यंत पाणी राहतें. बोट उचललें कीं कार्डासह सारें पाणी खालीं येतें. कागदाचा ओलेपणा तोच, पत्रा तोच. फरक एवढाच कीं वरूनहि हवेला वाट मिळाली आणि वरचा आणि खालचा रेटा फिटंफाट झाला. हा प्रयोग मोरीवर करावा, हें सांगावयास नकोच.

हवेचा जोर डोळ्यांनीं पाहावयाचा असेल तर थंड पेयाचा ॲल्युमिनियमचा रिकामा डबा आणावा. त्यांत चमचाभर पाणी घालून तो मंद आंचेवर ठेवावा. तोंडांतून वाफेचा लोट चांगला मिनिटभर निघूं द्यावा, मग सांडशीनें डबा उचलून थंड पाण्याच्या परातींत झटकन् उपडा बुडवावा. ताडकन् आवाज होऊन डबा चेपून जातो. वाफेनें आंतली हवा हांकलून दिलेली असते. थंड पाणी लागतांच त्या वाफेचें पाणी होतें, आणि पाण्याला वाफेच्या सोळाशेंव्या भागाएवढीहि जागा पुरते. आंत कांहींच उरत नाहीं, आणि बाहेर दर चौरस सेंटिमीटरला आपला एक किलो उभाच असतो. हा प्रयोग वडील माणसानें करावा, आणि झांकणाचा किंवा आट्यांचा डबा झांकण लावून विस्तवावर कधींहि ठेवूं नये. तो बाहेरून आंत चेपण्याऐवजीं आंतून बाहेर फुटेल.

आतां मेणबत्तीचा प्रयोग. ह्यावर मी अंमळ जास्त वेळ घेणार आहें, कारण हा प्रयोग जितका प्रसिद्ध तितकाच तो चुकीचा समजावून सांगितला जातो. ताटलींत थोडें हळदीचें पाणी घेऊन मधोमध मेणबत्तीचा तुकडा उभा करावा, पेटवावा आणि त्यावर कांचेचा पेला उपडा घालावा. ज्योत मिणमिणत विझते आणि ताटलींतलें पाणी पेल्यांत वर चढतें. शालेय पुस्तकांतून ह्याचें कारण असें छापलेलें आढळतें कीं, हवेंत एक पंचमांश प्राणवायु असतो. ज्योतीनें तो संपविला, म्हणून त्याच्या जागीं पाणी एक पंचमांश उंचीपर्यंत चढलें. वाचावयास किती नीटनेटकें! आणि कधीं कधीं पाणी जवळजवळ तेवढेंच चढतेंहि.

पण डोळे उघडे ठेवून पाहा. पाणी ज्योत जळत असतांना हळूहळू चढलें पाहिजे होतें; तें चढतें मुख्यतः ज्योत विझल्यावर, आणि तेंहि झपाट्यानें. पेला घालतांक्षणींच त्याच्या कडेखालून बुडबुडे बाहेर पडलेले दिसतात. एकीऐवजीं तीन मेणबत्त्या लावा. पाणी जास्त उंच चढतें. पेल्यांतला प्राणवायु तीन मेणबत्त्यांमुळें वाढला कीं काय? शिवाय ज्योत विझते ती प्राणवायु संपला म्हणून नव्हे. शेंकडा २१ वरून तो सुमारें १६ वर आला कीं मेणबत्ती जळेनाशी होते. आणि जो खर्च होतो त्याच्या बदल्यांत कर्बवायु तयार होतोच. खरें कारण साधें आहे. ज्योतीनें पेल्यांतली हवा तापते, फुगते आणि कांहीं बाहेर निघून जाते. ज्योत विझली कीं उरलेली हवा निवते, तिचा दाब उतरतो, आणि बाहेरची हवा पाण्याला आंत ढकलते. खात्री करावयाची असेल तर मेणबत्ती अजिबात लावूं नका. रिकामा पेला कढत पाण्यानें चांगला तापवून झटकन् ताटलींत उपडा ठेवा. ज्योत नाहीं, प्राणवायु जागच्या जागीं, तरी पाणी वर चढतें! एकादा आंकडा योगायोगानें जुळला कीं आपण विचार करावयाचें थांबवितों, ही खोड मुलांना पुस्तकांतून लागूं नये असें मला फार वाटतें.

आपल्या आजीला हा प्रयोग पाठ होता. पोट दुखूं लागलें, बेंबी सरकली, कीं पोटावर कणकेची पणती पेटवून ठेवावयाची आणि तीवर तांब्या उपडा घालावयाचा; पणती विझे आणि तांब्या पोटाला असा धरे कीं सुटतां सुटत नसे. तुंबडी लावण्याचें तत्त्वहि हेंच. त्यानें दुखणें बरें होत असे कीं नाहीं हा वैद्यांचा प्रश्न आहे. तांब्या धरून ठेवणारी ती हवा, एवढेंच माझें म्हणणें.

आतां पुन्हा पाण्याकडे वळूं. हवा पाण्याला नळींतून वर ढकलते हें कळलें. किती वर? तिचा जोर दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. एक चौरस सेंटिमीटर तोंडाची नळी घेतली तर तींत एक किलो पाणी मावण्यास दहा मीटर उंची लागते. म्हणजे दहा मीटर पाणी चढलें कीं पाण्याचें ओझें आणि हवेचा रेटा सारखे झाले. त्यापुढें नळींतली हवा पार काढून टाकली तरी पाणी एक बोटहि वर यावयाचें नाहीं.

हें कोडें युरोपांत विहिरीवरच्या कारागिरांनीं प्रथम विद्वानांपुढें ठेवलें. गॅलिलिओनें १६३८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत लिहिलें आहे कीं ओढीचा पंप तिकडच्या मापानें १८ हातांपलीकडे पाणी चढवीत नाहीं. दोर फार लांब झाला कीं आपल्याच वजनानें तुटतो, तसा पाण्याचा स्तंभ तुटत असावा असा त्याचा तर्क होता. एवढा मोठा मनुष्य, पण ओढण्याची कल्पना त्याच्याहि मनांतून गेली नाहीं! त्याचा शिष्य टॉरिचेली ह्यानें १६४४ च्या सुमारास तो प्रश्न उलटा धरला. पाणी वर ओढलें जात नसून बाहेरच्या हवेनें ढकललें जातें असें मानलें, आणि पाण्याच्या साडेतेरा पटींहून जड असा पारा घेऊन पाहिलें. पारा समुद्रकांठीं सुमारें ७६ सेंटिमीटरांवर थांबतो. नागपुरास तो ७३ च्या आसपास राहील. त्यानंतर पास्कलच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्यानें १६४८ सालीं फ्रान्सांतल्या पुई द दोम ह्या डोंगरावर नळी नेली, आणि चढावें तसा पारा उतरतो हें दाखवून दिलें.

आज त्यासाठीं डोंगराची जरुरी नाहीं. कांहीं मोबाइल फोनांत हवेचा दाब मोजण्याची सोय असते. एकाद्या उंच इमारतीच्या तळमजल्यावर आंकडा पाहावा, लिफ्टनें दहा मजले चढून पुन्हा पाहावा. तीन हेक्टोपास्कलांहून थोडा अधिक फरक दिसेल. चिखलदऱ्याला गेलेल्या मंडळींना तर पातेल्यांतली तुरीची डाळच ही गोष्ट सांगते. नागपुरांत पाणी सुमारें ९९ अंशांवर उकळतें, चिखलदऱ्यास अकराशें मीटरांवर तें ९६ च्या थोडें वर उकळतें. पाणी खळखळतें पण डाळ शिजत नाहीं. कुकरमध्यें वाफ कोंडून आपण आणखी एक वातावरणाचा दाब वर चढवितों, तेव्हां तेंच पाणी १२० अंशांच्या आसपास जातें आणि डाळ लोण्यासारखी होते.

येथें एका घरगुती खेळण्याबद्दल सावध करणें भाग आहे. बरणीच्या तोंडावर फुग्याचें रबर ताणून बांधावयाचें, त्यावर एक काडी चिकटवावयाची आणि काडीच्या हालचालीवरून हवेचा दाब, म्हणून पाऊस, ओळखावयाचा, असें मुलांच्या पुस्तकांतून सांगितलेलें असतें. थंड आणि एकसारख्या हवेच्या देशांत तें ठीक असेल. नागपुरांत नाहीं. आपल्या येथें वर्षभरांत हवेचा दाब साधारणतः दोन टक्क्यांच्या आंत हालतो. उलट तापमान तीन अंश चढलें कीं बरणींतल्या हवेचा जोर एक टक्क्यानें वाढतो. मे महिन्यांत दुपार आणि पहाट ह्यांत पंधरा पंधरा अंशांचें अंतर असतें. तेव्हां ती काडी पावसाची वार्ता न सांगतां उन्हाचीच सांगते. मुलांनीं करून पाहावी, पण बरणीशेजारीं तापमापक ठेवून. म्हणजे कोणती गोष्ट कोणाला हालवीत आहे हें त्यांना कळेल.

आतां तो वैशाखांतला पंप. कांठावर बसविलेल्या पंपाचें काम दोन भागांचें असतें. पाण्यापासून पंपापर्यंतचा एक भाग आणि पंपापासून पुढें पाटापर्यंतचा दुसरा. दुसऱ्या भागांत पंप पाणी ढकलतो. तेथें अश्वशक्तीचा उपयोग आहे, जास्त शक्ति दिली तर जास्त उंच जाईल. पहिल्या भागांत मात्र पंप कांहींच ढकलीत नाहीं. तो फक्त आपल्या पोटांतला दाब उणा करतो आणि पाणी वर आणण्याचें काम हवेवर सोपवितो. आणि हवा त्याला नागपूरच्या मुलखांत दहा मीटरांपलीकडे एक पैसाहि उधार देत नाहीं. प्रत्यक्षांत दहाहि मिळत नाहींत. पाइपांतलें घर्षण, तळाशीं असलेली झडप, सांध्यांतून शिरणारी हवा ह्यांत कांहीं जातें. पाणी तापलेलें असेल तर त्याची वाफहि आंत दाब धरते. सहा ते सात मीटर, म्हणजे वीस-बावीस फूट, हा खरा हात. माघांत पाणी पंधरा फुटांवर होतें, वैशाखांत तें तीस-पस्तीस फुटांवर गेलें, कीं पंपाचा दोष नसतांना पंप थांबतो. मोठा पंप आणला तर तो जास्त पाणी मागतो, पाइपांत घर्षण वाढतें आणि तो कधीं कधीं लहानापेक्षां आधींच हात टेकतो. पांच काय, पंचवीस अश्वशक्ति लावली तरी बाहेरची हवा आहे तेवढीच राहणार.

म्हणून जाणता शेतकरी पंप बदलीत नाहीं; पंप खालीं उतरवितो. विहिरीच्या आंतल्या अंगास कडप्प्याचा किंवा लोखंडी गर्डरांचा माच बांधून, पाणी उतरेल तसा त्यावर पंप खालीं नेतो, आणि पहिला भाग लांडा करून दुसरा लांब करतो. त्याला टॉरिचेलीचें नांव ठाऊक नसेल, पण त्याचा हिशेब त्याला पाठ आहे. पंपानें हवा धरली असें तो म्हणतो, आणि सांध्यांना शेणमाती लिंपतो, तेंहि बरोबरच आहे. बाहेर लोंबणारी ती दुसरी नळी बोटानें दाबावी तसेंच तें. मात्र मोटर विहिरींत उतरली कीं विजेची तारहि उतरते. ओल्या हातानें तिला शिवल्यामुळें माणसें दगावतात; तेव्हां वरचें बटन बंद केल्याशिवाय कोणीं खालीं उतरूं नये.

आपल्या आजोबांच्या मोटेला ही मर्यादा नव्हती. मोट पाण्यांत बुडते, भरते आणि बैल तिला वर ओढून आणतात. हवेचा तेथें कांहीं संबंध नाहीं. रस्त्यांवरचे सरकारी हातपंप जे आज खेडोपाडीं दिसतात, ते ह्या अर्थानें मोटेचेच भाऊबंद. त्यांचा दट्ट्या जमिनीवर नसून खोल बोअरमध्यें पाण्याखालीं असतो, आणि लोखंडी गजानें तो वर-खालीं होऊन आपल्यावरचें पाणी उचलून आणतो. म्हणून चाळीस मीटरांवरचें पाणीहि ते देतात. ह्या पंपाचा इतिहास महाराष्ट्राशीं निगडित आहे. १९६० नंतरच्या दशकांत जालन्यास मिशनऱ्यांच्या विहीरखोदाईच्या कामांतून एक मजबूत हातपंप निघाला, पुढें सोलापुरास त्यांत सुधारणा झाली, आणि त्याच धर्तीवर युनिसेफच्या साह्यानें १९७० नंतरच्या दशकांत इंडिया मार्क टू हा पंप तयार झाला. दिवसभर शेंकडों हात पडत असतां टिकणारा दांडा आणि सांधा करणें, हें त्यांतलें खरें कौशल्य.

पाण्याखालीं बुडवून ठेवण्याच्या विजेच्या पंपानें तर हवेची अट पारच काढून टाकली. तो पाण्यांतच बसतो आणि पाणी ढकलीत शेंकडों फूट वर आणतो. काठावरचा पंप वीस-बावीस फुटांवर थांबत असे आणि शेतकऱ्याला सांगत असे कीं विहीर उतरली. हा नवा पंप तसें कांहीं सांगत नाहीं. तळ लागेपर्यंत देत राहतो. वरुड तालुक्याचें नांव भूजलाच्या अति उपशाच्या यादींत अनेक वर्षें येत आलें आहे. संत्र्याच्या बागा ज्या पाण्यावर उभ्या राहिल्या, तें पाणी दरवर्षींच्या पावसानें भरून निघतें त्याहून जास्त काढलें जात आहे. हा हवेच्या दाबाचा प्रश्न राहिलेला नाहीं, म्हणून मी त्यांत शिरत नाहीं. परंतु नवा पंप घेणाऱ्यानें पंपाच्या किंमतीबरोबर विहिरीची वैशाखांतली पातळीहि वहींत लिहून ठेवावी.

वेळ थोडा उरला आहे, त्यांत एक प्रयोग सांगतों. ज्या शाळेची इमारत चार मजली आहे, तेथल्या शिक्षकांनीं तो जरूर करून पाहावा. अकरा-बारा मीटर लांब, जाड भिंतीची पारदर्शक नळी आणावी. पातळ नळी उपयोगाची नाहीं, तिला हवाच चेपून टाकते. पाणी अगोदर उकळून निववून घ्यावें, म्हणजे त्यांत विरघळलेली हवा कमी होते; त्यांत थोडा रंग घालावा. नळी पाण्यानें पूर्ण भरून एक टोंक बुचानें गच्च बंद करावें, दुसरें तळमजल्यावरच्या बादलींत बुडवून ठेवावें, आणि बंद टोंकाला दोर बांधून नळी जिन्याच्या बाजूनें सावकाश वर ओढावी. पहिला मजला, दुसरा मजला, तिसरा. नळी भरलेली दिसते. पुढें मात्र साडेनऊ मीटरांच्या आसपास पाणी थांबतें. दोर ओढा, नळी वर येते, पाणी तेथेंच राहतें, आणि बुचाखालीं रिकामी जागा वाढत जाते. त्या ठिकाणीं भिंतीवर खडूनें रेघ ओढून तारीख लिहावी, मुलांना एकेक करून ती रेघ दाखवावी, आणि मग पौष महिन्यांतल्या थंडीच्या दिवशीं हाच प्रयोग पुन्हा करून दुसरी रेघ ओढावी; पाण्याची वाफ थंडींत कमी असल्यामुळें आणि हवेचा दाब किंचित् जास्त असल्यामुळें ती पहिलीच्या वर येईल. नळी उतरवितांना वरचें बूच एकदम काढूं नये, नाहींतर बादली धरून बसलेला मुलगा पायापर्यंत रंगून निघेल.